पाया की खेकड्याचं सूप?

नागपुरात थंडी पडून घरात कोणी खोकू लागलं की हा प्रश्न येतोच.

पाया वेळखाऊ. बोकडाचे भाजलेले चार पाय कणीक-हळद चोळून धुवा. केस राहिले तर वास जात नाही. दीड लिटर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तासभर. गार झाल्यावर थिजतं ते जिलेटिन. कॅल्शियम फारसं उतरत नाही, त्यामुळे हाडं जुळायची आशा नको!

खेकडे जिवंतच घ्या, मेलेला लवकर नासतो. नांग्या कुटून फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर कच लागते. लसूण-मिरे घालून खळखळून उकळा. ओढ्याच्या खेकड्यात परजीवी असू शकतात. सर्दी जात नाही, वाफेने नाक मोकळं होतं इतकंच.

जेवण न जाणाऱ्याला पाया, झटपट गरम हवं त्याला खेकडा. युरिक ॲसिडवाल्यांनी दोन्ही टाळावं.