पायगिट२: वापरायला झकास, बसवायला कटकट

काही महिने पायगिट२ वापरतोय, म्हणजे गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) काम पायथनमधून करून देणारी लायब्ररी. कौतुकच करायचं मनात होतं, पण परवा सर्व्हरवरचं बिल्ड (प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया) कोसळलं, त्यामुळे आधी तक्रार ऐका.

ही लायब्ररी म्हणजे सी भाषेतल्या लिबगिट२ वर पायथनचं आवरण; लिबगिट२ गिटचं काम गिट कमांडशिवाय करते. याआधी माझ्याकडे याच कामाची दुसरी लायब्ररी, गिटपायथन, होती. ती बसवायला काही त्रासच नाही, कारण बहुतेक काम ती मशीनवरच्या गिट कमांडकडून करून घेते. सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ती रिसोर्सेस अडकवून ठेवते, आणि हे तिच्या रीडमीमध्येच (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलंय. माझं काम नेमकं तसलंच, दिवसभर कमिट (गिटमधली बदलाची एकेक नोंद) चाळत बसणारं. म्हणून बदलली.

लॅपटॉपवर पिप इन्स्टॉल मारलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन), व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं तयार पॅकेज, उतरलं, विषय संपला. लिबगिट२ त्या व्हीलच्या पोटातच येते. जो रिपोर्ट आधी रेंगाळत यायचा तो एंटर दाबताच समोर! मी खूश.

मग सर्व्हरवर पायथन ३.१२ आलं. पायगिट२ मी १.१२ वर पिन केलेली, म्हणजे तीच आवृत्ती पक्की ठरवलेली, आणि व्हील असतात पायथनच्या आवृत्तीगणिक वेगळी. १.१२ चं या पायथनसाठी व्हीलच नाही. बरं, नसेल. पण पिपने तसं सांगावं की नाही? त्याने गुपचूप सोर्स उतरवला, कंपाइल करायला घेतला आणि मग बोंब मारली: गिट२.एच ही लिबगिट२ ची हेडर (कंपाइल करताना लागणारी फाइल) सापडत नाही.

हेडर हवी तर हेडर घे म्हणून सर्व्हरवरच्या डेबियन १२ या लिनक्सच्या एपीटीमधून (त्याचं पॅकेज बसवायचं साधन) लिबगिट२ चं डेव्ह पॅकेज, हेडर असलेलं, टाकलं. ते निघालं १.५. पायगिट२ १.१२ ला लागते १.६. लगेच दुसरी एरर, सुसंगत आवृत्ती द्या. १.१३ ला १.७ हवी, १.१५ ला १.८. ही जोडी जुळवण्यात अख्खा दिवस गेला. हट्टाने लिबगिट२ सोर्सवरूनही बांधली, तर इम्पोर्ट करताना तिची .एसओ फाइल (कंपाइल झालेली लायब्ररी) सापडेना. एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवल्यावर सापडली. पण एवढ्यासाठी सीमेक (बिल्डचं साधन), कंपायलर आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या हेडर, हे सगळं कंटेनरच्या इमेजमध्ये (ज्यातून सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालतो तो तयार साचा) कोंबायचं? इमेजमधला एकेक एमबी मी सावकारासारखा मोजतो. काढून टाकलं सगळं.

इथवर तावातावाने लिहिलं आणि मग लिबगिट२ ची .एसओ फाइल नीट पाहिली. तिच्या नावातच १.५ आहे, नुसता १ नाही. म्हणजे मधला आकडा बदलला की आतली मांडणी बदलू शकते, हे ते उघडच सांगतात. मग पायगिट२ कंपाइल होतानाच अडून बसते ते बरंच आहे. रात्री-बेरात्री सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम अचानक बंद पडणं) शोधत बसण्यापेक्षा ही एरर परवडली. तेव्हा अर्धा राग मागे. उरलेला पिपवर.

उपाय दोन ओळींचा निघाला. पिन १.१३ वर नेली, जिचं ३.१२ साठी व्हील आहे, आणि पिपला ओन्ली-बायनरी, म्हणजे फक्त व्हीलच घे, हा पर्याय दिला. आता व्हील नसेल तर पिप तिथल्या तिथे थांबतं, सोर्सच्या नादी लागत नाही. डेबियनचंच पायथन वापरत असाल तर पिपच्या भानगडीत न पडता एपीटीमधली पायगिट२ घ्या. ती तिथल्या लिबगिट२ शी जुळवलेलीच असते.

बाकी बारीकसारीक: कंटेनरमध्ये माउंट केलेल्या (बाहेरून जोडलेल्या) फोल्डरचा मालक वेगळा असेल तर त्यातली रिपॉझिटरी (गिटचा साठा) उघडायला नकार मिळतो. २०२२ मध्ये गिटने सुरक्षेसाठी आणलेली तपासणी इथेही आहे, तेव्हा गिटच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर सेफ डिरेक्टरी म्हणून नोंदवा. कमिट केल्यावर हुक (गिटच्या ठरावीक टप्प्यांवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) चालत नाहीत. एसएसएचसाठी (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) ओळखपत्र, म्हणजे की किंवा पासवर्ड, पुरवणारं फंक्शन आपणच लिहायचं, आणि एसएसएच कॉन्फिगमधली होस्टची टोपणनावं व्हीलमधल्या लायब्ररीला कळत नाहीत. त्यामुळे वाचायचं सगळं पायगिट२ मधून, आणि पुश करायची (कमिट दूरच्या सर्व्हरवर पाठवायची) वेळ आली की मी सरळ सबप्रोसेसमधून, म्हणजे पायथनमधूनच वेगळी कमांड म्हणून, गिट चालवतो.