पानगळीचे रंग बघायचे तर श्रीनगर की क्योटो?

२०२६ची दिवाळी पानगळ बघायला निघणाऱ्यांच्या चांगलीच पथ्यावर पडणारी आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ला. म्हणजे शाळांना सुट्टी असताना काश्मीरचे चिनार रंगावर असतील, आणि सुट्टी थोडी पुढे ओढता आली तर जपानमधल्या क्योटोचे मेपलही गाठता येतील. एरवी दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली की ना हे जमतं, ना ते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्यांदाच जाणार असाल तर श्रीनगर. पण हे मत सगळ्यांनी मानावं असं नाही, आणि कुणी मानू नये तेही पुढे येईलच.

रंगीत पानं आपल्याकडे अजिबात नसतात असं नाही. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाची पानं गळण्याआधी लालभडक होतात, फक्त त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. पण आपल्याकडची झाडं बहुतेक पाणी वाचवण्यासाठी, उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागला आणि रात्री गारठल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला कस परत खेचून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, तो आता उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून. तो चढायला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतपत थंडी लागते. म्हणून एखाद्या वर्षी बागा पेटल्यासारख्या दिसतात, तर पुढच्या वर्षी नुसताच मातकट रंग. त्यात एक जोराचा पाऊस आला की निम्मा माल खाली. ‘रंग गॅरंटीड’ म्हणणाऱ्या टूरवाल्याला हसून नमस्कार करावा.

आता मुख्य फरक. काश्मीरमध्ये तुम्ही झाड बघायला जाता, क्योटोत बाग.

चिनार अवाढव्य असतो. जुन्या खोडाला कवेत घ्यायला चार-पाच माणसं लागतात आणि एकेक पान पसरलेल्या पंजापेक्षा मोठं. रंग चढतो तोही निवांत, हिरव्यावरून पिवळा, मग केशरी, मग तांबूस, शेवटी गंजासारखा. एकाच झाडावर हे सगळे रंग एकाच वेळी दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही गेलात तरी काही ना काही हाती लागतंच. मी श्रीनगरच्या बाजूने झुकते त्याचं पहिलं कारण हेच. तारीख आठवडाभर चुकली तरी सहल वाया जात नाही. उशिरा पोहोचलात तर झाडावरचा रंग पायाखाली आलेला असतो, आणि त्या वाळक्या पानांतून चालताना पापडाच्या चळतीवरून चालल्यासारखा आवाज येतो.

जागा म्हणाल तर काश्मीर विद्यापीठाच्या आवारातला, हजरतबलला लागून असलेला नसीम बाग सगळ्यात आधी. मुघल काळातली ही चिनारांची राई सपाट आहे, आईवडिलांना चढउतार नाही. निशात आणि शालिमार बागांत चिनार आहेत, पण तिथे टप्प्याटप्प्यांच्या पायऱ्या आहेत आणि फोटोसाठी फिरन, म्हणजे काश्मिरी झगा, भाड्याने देणारे पिच्छा सोडत नाहीत. नसीम बागेत सकाळी लवकर गेलात तर खराट्याने पानं गोळा करणाऱ्या बायका दिसतील. ही पानं ढीग करून जाळतात, पूर्ण राख व्हायच्या आत वरून पाणी शिंपडतात आणि उरलेला कोळसा पोत्यात भरून ठेवतात. हिवाळाभर कांगडीत, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीत, तोच धुमसतो. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढतो ते तिथलं सरपण आहे. (हल्ली हजारो चिनारांना क्यूआर कोडच्या पाट्याही लागल्यात. मोबाइल धरला की झाडाची कुंडली समोर.)

याच दिवसांत श्रीनगरजवळच्या पांपोरला केशराची फुलं येतात. दोन्ही एका खेपेत साधतं, फक्त केशरासाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरावा लागतो. म्हणजे २०२६मध्ये दिवाळीच्या आधी निघायला हवं. भाऊबीज उरकून निघालात तर चिनार मिळतील, केशर बहुतेक हुकेल.

एक सावधगिरी. आपल्याकडच्या बहुतेक टूर गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम असा फेरा मारतात आणि श्रीनगरला जेमतेम एक दिवस देतात, कारण लोकांना बर्फ हवा असतो. पानगळीसाठी हे उलटं करा. मुक्काम श्रीनगरला आणि बाकीचं जमलं तर. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

क्योटोचा प्रकारच वेगळा. तिथला मेपल लहानखुरा, पान बाळाच्या तळहाताएवढं, कडा कातरलेल्या. तो एकटा उभा राहून फार काही करत नाही. देवळाची काळी लाकडी चौकट, खाली शेवाळाचा हिरवा गालिचा आणि त्यावर पडलेली पाच-सात लाल पानं, हे सगळं मिळून चित्र होतं, आणि ते चित्र माळ्यांनी पिढ्यान्पिढ्या जमवलेलं असतं. तोफुकुजी या झेन मठात पूर्वी चेरीही होते, पण लोक फुलं बघायला येऊन धिंगाणा घालतील म्हणून तिथल्या एका चित्रकार भिक्षूने ते काढून टाकायला लावले, असं सांगतात. आज मेपलसाठी त्याच मठात पाय ठेवायला जागा नसते. ऐन हंगामात तिथल्या लाकडी पुलावर उभं राहून फोटो काढायला मनाई असते, नाहीतर रांग हलणारच नाही.

क्योटोचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि हवा तापत चालल्याने तो उशिरा सरकतो आहे. म्हणून ११ तारखेची भाऊबीज झाल्या झाल्या विमानात बसू नका, अजून बरंच हिरवं दिसेल. २०च्या पुढे जा. पण इथे एक मेख आहे: २३ नोव्हेंबरला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि २०२६मध्ये तो सोमवार आहे. शनिवार-रविवार जोडून अख्खा जपान क्योटोत. त्यामुळे २४ ते ३० हा आठवडा मी निवडेन, शाळेचे दिवस बुडाले तरी. दहावीचं पोर घरात असेल तर हा पर्याय इथेच संपतो.

अंधार लवकर पडतो, पाचच्या आतच. पण एइकांदोसारख्या काही देवळांत रात्री झाडांवर दिवे सोडतात आणि तळ्यात उलटी बाग दिसते. हे श्रीनगरमध्ये नाही. बसच्या नादी लागू नका, चेंगरून निघाल. तोफुकुजी क्योटो स्टेशनहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाडीने पुढचंच स्टेशन आहे.

जेवणाचं बोलायलाच हवं. श्रीनगरला शाकाहारी माणसाचं सहज भागतं: राजमा, हाक ही तिथली पालेभाजी, नदरू म्हणजे आपली कमळकाकडी, वर कहवा. जपानमध्ये सूप, नूडल्स, अगदी साध्या भाजीतही माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. देवळांजवळ बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, ते उत्तम पण महाग. कांदा-लसूणही न खाणाऱ्या आजी बरोबर असतील तर ठेपल्यांनी अर्धी बॅग भरेल. शिवाय दिवसभर चालणं आणि पायऱ्या आहेतच. गुडघे कुरकुरत असतील तर श्रीनगर, तिथे गाडी बागेच्या दारापर्यंत जाते.

खर्चाची बरोबरीच नाही. जपानला एका माणसाच्या विमानभाड्यात जोडप्याचं काश्मीर बहुधा होऊन जाईल.

मग काश्मीर कुणी टाळावं? २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातलेही पर्यटक मारले गेले. त्यानंतर घरातल्या कुणाच्या मनात धास्ती बसली असेल तर आकडेवारी दाखवून ती काढायला जाऊ नये. जीव मुठीत धरून झाडं बघायची नसतात. अशांनी बिनदिक्कत जपान निवडावं, पैसे साठायला दोन वर्षं लागली तरी. बाकीच्यांनी तिकीट आणि हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्यावं आणि निघायच्या आधी तिथल्या गाडीवाल्याशी फोनवर बोलून घ्यावं.

तिसरा पर्याय अमेरिकेतल्या व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरचा. तिथे झाड नाही, बाग नाही, डोंगरच्या डोंगर रंगतात. पण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यात. दिवाळीपर्यंत फांद्या उघड्या. मुलगी-जावई बॉस्टनला असतील, व्हिसा हातात असेल आणि गाडी चालवणारं कुणी असेल तर गणपती उरकून जरूर जा. केवळ पानांसाठी इतका खटाटोप मी करणार नाही.

क्योटोचं ठरलंच तर खोली उन्हाळ्यातच घेऊन ठेवा, नंतर मिळते ती ओसाकात. तीही चालेल, रेल्वेने क्योटो अर्ध्या तासावर आहे.