बुचांची मिश्र पिशवी आणि कॉर्कची शीट: कशाला चालतात, कशाला नाही

सुट्या बुचांची मिश्र पिशवी हाती आली की आधी ती टेबलावर ओतून तीन ढीग करावेत. पिशवीवर नुसतं ‘कॉर्क’ लिहिलेलं असतं, पण आत तीन वेगळ्या वस्तू निघतात आणि एकीचं काम दुसरीला जमत नाही. पहिला ढीग नैसर्गिक बुचांचा. कॉर्क ओक या झाडाच्या सालीतून सलग कापलेला एकच तुकडा, अंगावर आडव्या गडद रेघा आणि बारीक खड्डे, दोन बुचं कधी सारखी नाहीत. दुसरा ढीग दाबीव बुचांचा. सालीचा चुरा चिकटद्रव्यात दाबून केलेली ही बुचं कापली की आत दाणे दिसतात. तिसरा ढीग प्लास्टिकचा. रंग सालीसारखाच, पण कापलेला भाग फेसासारखा एकजीव आणि बाहेरून गुळगुळीत कातडी. प्लास्टिकची बुचं वाईट नसतात, बाटली बंद करायला तर ती बऱ्यापैकी आहेत. पण उष्णतेजवळ किंवा घासकामात ती घेतली की काम बिघडलंच.

नैसर्गिक बूच महाग का, ते झाडाकडे पाहिलं की कळतं. कॉर्क ओकची साल पहिल्यांदा काढायची तर झाड साधारण २५ वर्षांचं व्हावं लागतं, आणि पुढची साल मिळायला दर वेळी किमान ९ वर्षं थांबावं लागतं. पहिल्या दोन वेळची साल ओबडधोबड असते, ती चुऱ्यात जाते. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेपासून निघते. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकटं पोर्तुगाल पुरवतं. बुचं पाडून उरलेल्या सालीचा चुरा होतो आणि शीट, टाइल, दाबीव बुचं त्यातूनच बनतात. म्हणून शीट स्वस्त असते, त्यात फसवणूक काही नाही.

आता मुख्य काम, म्हणजे तोंड बंद करणं. इथे नैसर्गिक बुचाला तोड नाही. १६६५ साली इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दिसलेल्या खणांना ‘सेल’ म्हटलं, ते हेच खण. एका घन सेंटिमीटरमध्ये असे सुमारे ४ कोटी बंद खण असतात आणि त्यांत बहुतेक हवाच. दाबलं की हवा आक्रसते, सोडलं की बूच फुगून काचेला चिकटतं. रबर एका बाजूने दाबलं की दुसरीकडे फुगतं, कॉर्क जवळपास फुगत नाही, म्हणून अरुंद मानेत तो सरळ ढकलता येतो.

पण माप चुकलं तर हे सगळे गुण वाया जातात. वाइनच्या बाटलीचं बूच साधारण २४ मिमी जाड असतं आणि मानेचं तोंड १८.५ मिमी. कारखान्यात यंत्राने आवळूनच ते आत जातं. काढल्यावर काही तासांत ते पुन्हा फुगतं आणि मग हाताने बसत नाही. लोक जोर लावतात, बूच दुमडतं किंवा मधून तुटतं. उपाय सोपा आहे: १० मिनिटं वाफेवर ठेवून खालचं टोक सँडपेपरने निमुळतं करायचं. हाताने बसवायचं सरळ बूच तोंडापेक्षा १ ते २ मिमीच जाड असावं. निमुळतं बूच घेत असाल तर ते तिसरा हिस्सा ते निम्मं आत जाऊन अडलं पाहिजे. पूर्ण आत गेलं तर लहान, टोकाशीच अडलं तर मोठं.

वापरलेल्या बुचात आणखी एक अडचण असते, बूच उपसायच्या स्क्रूचं भोक. स्क्रू आरपार गेला असेल तर त्या वाटेने द्रव झिरपतो आणि बूच वरून कोरडं दिसत असताना आतून ओलं राहतं. खात्री करायला बाटलीत पाणी भरा, बूच लावा आणि कोरड्या कागदावर १० मिनिटं उलटी धरा. कागदावर डाग पडला तर ते बूच दुसऱ्या कामाला लावा. तेलाच्या बाटलीला बूच लावलं असेल तर ते ठरावीक दिवसांनी बदलावं. कॉर्कमध्ये मुरलेलं तेल खवट होतं आणि तो वास नव्या तेलात उतरतो.

रुंद तोंडाच्या बरणीसाठी मात्र नैसर्गिक बूच घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. झाडाच्या सालीत आतून बाहेर जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. बाटलीचं बूच सालीत उभं पाडतात, म्हणून त्या नळ्या बुचात आडव्या येतात आणि काचेला टेकून बंद होतात. मोठ्या व्यासाचं बूच तसं पाडायला सालीची जाडीच पुरत नाही. ते आडव्या अंगाने कापावं लागतं आणि नळ्या वरून खाली आरपार येतात. बरणी दिसते सुरेख, पण आत दमट हवा शिरत राहते. अशा बरणीला दाबीव बूच बरं, आणि ओल्याने खराब होणारी वस्तू असेल तर सरळ सिलिकॉनची कडी असलेलं झाकण घ्यावं.

कापण्याबद्दल. बुचाचा भुगा होतो अशी तक्रार फार ऐकू येते, आणि दोष बहुतेक वेळा पात्याचा असतो. दातेरी सुरी दाणे उपटते. बूच १० मिनिटं वाफवून, नवं धारदार पातं मागेपुढे ओढत कापलं तर काप काचेसारखा निघतो. वरून दाबून कापायला जाऊ नये. भोक पाडताना आधी बारीक ड्रिल, मग मोठं. एकदम मोठं ड्रिल लावलं की कडा फाटतात. धार लावलेली पातळ पितळी नळी हाताने फिरवली तर भोक ड्रिलपेक्षाही स्वच्छ येतं.

गरम भांड्याखालची बैठक हा बुचांचा सर्वांत भरवशाचा घरगुती उपयोग. मात्र बुचांची लांबी ३८ पासून ४९ मिमीपर्यंत काहीही असते, ती तशीच उभी चिकटवली तर भांडं डुगडुगतं. सगळ्यांचे २० मिमीचे समान काप करावेत, लाकडाचा गोंद लावावा आणि बाहेरून पट्टी आवळून रात्रभर ठेवावं. ग्लू गनचा गोंद इथे चालत नाही, गरम भांड्याखाली तो पुन्हा मऊ होतो. प्लास्टिकचं एखादं बूच चुकून आत राहिलं तर ते वितळून भांड्याच्या बुडाला चिकटेल, तेव्हा काप केल्यावर प्रत्येक तुकड्याचा छेद एकदा बघून घ्यावा. उकळत्या द्रवाचं भांडं कॉर्क आरामात सोसतो. आचेवरून नुकताच उतरवलेला कोरडा लोखंडी तवा ठेवला तर काळे डाग पडणारच.

टाचणफळ्यासाठी बुचं उभी चिरून चिकटवण्याची पद्धत दिसायला छान आहे, पण हिशेब आधी करावा. अर्ध्या बुचाने साधारण ११ चौरस सेंटिमीटर जागा भरते. म्हणजे ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या फळ्याला जवळपास ६३ अखंड बुचं लागतात, आणि चिरताना काही वाया जातात ती वेगळी. पुशपिनची सुई साधारण १० मिमी असते. अर्ध्या बुचाच्या मधोमध ती नीट बसते, कडेला टेकवली की लाकडाला लागते. एवढा खटाटोप नको असेल तर शीट घ्या, पण जाडी पाहून. ३ मिमीच्या शीटमधून पिन गळून पडतात. मागे मऊ बोर्ड असेल तर ६ मिमी पुरते, नसेल तर १० मिमीच घ्यावी.

शीट गुंडाळीत येते. आल्या आल्या लावू नये. ज्या खोलीत लावायची तिथेच एक-दोन दिवस सपाट पसरून ठेवावी. पातळ शीटला पाण्यात मिसळणारा गोंद लावला की एक बाजू ओल पिते आणि शीट वाटीसारखी वळते. कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग मधून कडेकडे दाबत जा. तो एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून रेघ आधीच आखून घ्यावी. घेताना एक कोपरा मनगटाएवढ्या नळीभोवती वाकवून पाहावा. ३ मिमीची शीट तेवढ्यात तडकली तर चिकटद्रव्य कमी आहे किंवा माल जुना होऊन वाळला आहे.

कॉर्क दाब सोसतो, ओढ सोसत नाही. खुर्चीच्या पायाखाली चकत्या लावायच्या सल्ल्यात हेच विसरलेलं असतं. खुर्ची रोज सरकते, चकती आडवी फाटते आणि उरलेल्या भुग्यात अडकलेले वाळूचे कण फरशी ओरखडतात. तिथे फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचं जाड कापड, लावा. जागेवर राहणाऱ्या वस्तूंखाली, म्हणजे दिवा, कुंडीची थाळी, स्पीकर, यांच्याखाली मात्र ३ मिमीची चकती उत्तम. सँडपेपरच्या ठोकळ्याला खाली शीट चिकटवून बघा, कागद जास्त टिकतो आणि सपाट भागावर खळगे पडत नाहीत. हा उपयोग कमी लोक करतात, याचं नवल वाटतं.

भिंतीला पातळ शीट लावून शेजारचा आवाज बंद होतो, हा दावा जाहिरातीतच ठेवावा. आवाज अडवायला वजन लागतं आणि कॉर्क हलका. खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, इतकंच. लाकडी जमिनीखाली अंथरला तर पावलांचा धपधप आवाज मात्र खरंच कमी होतो.

यंत्राच्या झाकणाखाली रबरमिश्रित कॉर्कचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती अडवणारा चपटा थर, तेलाला चांगलं टिकतं. गळती होते ती बहुधा बोल्ट फार आवळल्याने, कारण गॅस्केट चिरडून बाहेर येतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावं. साध्या कॉर्कचं गॅस्केट साठवणीत आक्रसून भोकं जुळेनाशी झाली तर कोमट पाण्यात ठेवावं, ते बरंचसं मूळ मापावर येतं.

धुताना क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. क्लोरीन आणि बुरशी मिळून कॉर्कमध्ये ट्रायक्लोरोअॅनिसोल तयार होऊ शकतं, ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो तो त्याचाच, आणि तो धुऊन जात नाही. बूचउद्योगानेही या कामासाठी क्लोरीन सोडून हायड्रोजन पेरॉक्साइड धरलं. घरी ५ मिनिटं उकळून, हवेशीर जागी दोन दिवस वाळवणं पुरतं. अर्धवट वाळलेलं बूच बंद डब्यात टाकलं तर बुरशी ठरलेली.

पाण्यावर तरंगणाऱ्या किल्लीसाठी एक बूच पुरेल का, हे वजनावरून ठरतं. २४ बाय ४५ मिमीच्या बुचाचा आकार सुमारे २० घन सेंटिमीटर, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ते साधारण १६ ग्रॅम उचलतं. लहान किल्ली एक, फार तर दोन. कडी आणि बिल्ला धरून जुडगा १५ ग्रॅमच्या वर जात असेल तर दोन बुचं ओवा, आणि नावेत बसण्याआधी बादलीत सोडून बघा.