मालदीव, ऑल-इन्क्लुझिव्ह: माळकरी बायको, न पिणारा नवरा आणि सावकाश लावलेला हिशेब

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं मालदीवला जाऊन आलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं निळं पाणी, पांढरी वाळू असंच झालं असतं, म्हणून थांबले. आता दिवाळी उरकली, आयकराचा परतावा जमा झाला, आणि लातुरात ओळखीच्यांचं "आम्ही पण जावं का?" सुरू झालंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. रिसॉर्टचं नाव देत नाही, कारण मी सांगतेय ते बहुतेक बेटांना थोड्याफार फरकानं लागू पडतं.

निकाल आधीच सांगते. जागा फार सुंदर. ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहणं, खाणं आणि दारूसकट पिणं एकाच दरात धरलेलं पॅकेज मात्र आमच्यासारख्यांच्या कामाचं नाही.

आमच्यासारखे म्हणजे कसे? माझ्या गळ्यात माळ आहे. हे मटण-मासे खातात, पण दारूला शिवत नाहीत. आणि या पॅकेजचा जो जादा दर असतो, तो बराचसा बारचाच असतो. मालदीव मुस्लिम देश. बाहेरून बाटली नेता येत नाही, विमानतळावर बॅग तपासतात आणि सापडली तर ठेवून घेतात. लोकवस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, रिसॉर्टच्या बेटांवर मिळते आणि सुट्टी घेतली तर भरमसाट महाग. त्यामुळे पिणाऱ्याला हे पॅकेज वसूल होतं. आम्ही काय प्यायलो? लिंबू-सोडा, रस आणि चहा. शेजारच्या व्हिलातलं गोरं जोडपं दुपारपासूनच रंगात यायचं. त्यांच्या ग्लासातला थोडा वाटा आपण भरतोय, असं ह्यांना रोज वाटायचं आणि ते रोज मला सांगायचे.

बरं, "सगळं आलं" म्हणजे सगळं येत नाही. बुफे, ठरावीक ब्रँडची पेयं, मिनीबार, पाण्यात तोंड घालून बघायचा स्नॉर्केलचा मास्क आणि पायात घालायचे पंख, बोटीची एखादी संध्याकाळची फेरी एवढं आलं. स्पा, लॉबस्टर, पाण्यावर तरंगत्या ताटातला तो फोटोवाला नाश्ता, या सगळ्याचे वेगळे पैसे. शिवाय सरकारचा ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर. पूर्वी ६ होता, जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाला. पर्यटनावरचा जीएसटी आमच्या वेळी १६ टक्के होता, जुलै २०२५ पासून १७ झाला, आणि वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. एजंटानं दर सांगितला की "यात कर धरलेत का?" हा प्रश्न पहिला विचारा. आमच्या एजंटानं ग्रीन टॅक्सचा विषयच काढला नव्हता, तो निघताना काउंटरवर कळला.

जेवणाचं म्हणाल तर हाल झाले नाहीत. भारतीय कोपऱ्यात डाळ, भात, पनीर, नान रोज. स्वयंपाकी उत्तराखंडचा होता, हिंदीत बोललं की विरघळायचा. भाकरी अर्थातच नाही. सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे पहिल्या दोन दिवसांत संपले, तेही ह्यांनीच संपवले. तिथला नाश्त्याचा मास हुनी, म्हणजे टूना, खोबरं, कांदा, मिरची कालवून चपातीसारख्या रोशीबरोबर, ह्यांना फार आवडला. कांदा कुठला, म्हणून ह्यांनी विचारलं, तर भारतातला. बेटावर पिकत नाही, जवळजवळ सगळं बाहेरून येतं. आपल्याकडं कांद्याला भाव नाही आणि इथं विमानाचं तिकीट काढून आपण तोच खातोय, यावर ह्यांचं एक व्याख्यान झालं.

त्यात एकादशी आली. एवढे पैसे भरून घेतलेलं जेवण समोर मांडलेलं, आणि मी उकडलेला बटाटा, पपई अन् कलिंगड घेऊन बसले. त्या स्वयंपाक्यानं काजू-बदामाची वाटी आणून ठेवली आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "मॅडम, तबियत ठीक है ना?" हे शांतपणे म्हणाले, "आज तुझा भाग बी मीच खातो, पैसे फिटले पाहिजेत." आणि खाल्लं.

आता पाण्याबद्दल. लातूरकराला हा विषय सुटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचं आमच्या घरातलं पिंपांचं वेळापत्रक मला अजून पाठ आहे. त्या बेटावर नदी नाही, तळं नाही, चारी बाजूंनी खारं पाणी. तरी आंघोळीला, बागेला, प्यायला गोडं पाणी. कर्मचाऱ्यांच्या भागात एक फेरी दाखवतात, ती बहुतेक पाहुणे घेत नाहीत. आम्ही घेतली. डिझेलच्या जनरेटरचा कान बधिर करणारा आवाज, शेजारी आरओचे लांबलचक नळकांडे, एकीकडून समुद्राचं पाणी प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलतात, दुसरीकडून गोडं निघतं आणि काचेच्या बाटल्यांत भरलं जातं. तिथल्या तंत्रज्ञानं सांगितलं की डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतल्या अशाच केंद्राला आग लागली आणि शहर कोरडं पडलं, तेव्हा भारतानं विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवलं होतं. ह्यांनी लगेच आमच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. दोघं अर्धा तास उभे, आणि मी उन्हात. त्यानंतर खोलीतला शॉवर ह्यांनी कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू दिला नाही. पाण्याचे पैसे पॅकेजमध्ये आले होते, तरीसुद्धा.

समुद्र मात्र पैशापलीकडचा. हे विहिरीत डबा बांधून शिकलेले, मला पोहताच येत नाही. पण किनाऱ्याजवळचं पाणी कमरेएवढं आणि लाटांशिवाय असतं. लाइफ जॅकेट घातलं, मास्क लावला आणि तोंड पाण्यात घातलं. पहिली दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्यायचा हेच जमेना, नाकाची सवय सुटत नाही. मग जमलं, आणि खाली एक हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळाला चोच मारताना दिसला. कर्र कर्र आवाज चक्क ऐकू येतो. तो प्रवाळ कुरतडतो आणि चुरा वाळू होऊन मागून बाहेर पडतो, आपण पाय पसरतो ती पांढरी वाळू बरीचशी अशीच झालेली. हे कळल्यावर ह्यांनी वाळूवर आडवं पडणं बंद केलं. शार्कची पिल्लं घोट्याशी फिरतात, काही करत नाहीत. बराच प्रवाळ मात्र पांढरा-करडा, मेलेला दिसला. २०१६ आणि २०२४ मध्ये पाणी तापून प्रवाळाला मोठा फटका बसलाय, ब्रोशरमधले रंग सगळीकडे मिळतील असं धरून जाऊ नका. शंख, प्रवाळ, वाळू घरी आणायला बंदी आहे.

खर्च दोघांचा विमानासकट साडेतीन लाखांच्या आसपास. त्यावर एजंटानं ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला. तो खर्च नसतो, तुमच्या पॅनवर जमा होतो. आमच्या वेळी आयकर खात्याच्या २६एएस या नोंदीत दिसला, आणि रिटर्न भरताना मागता येतो. आम्हाला पूर्ण मिळाला, फक्त तोवर पैसा अडकून राहतो. दर बदलत राहतात, तेव्हाचा तेव्हा विचारून घ्या.

तर कुणी काय घ्यावं? पिणारे असाल तर ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या, सुट्टं घेऊ नका. न पिणाऱ्यांनी फुल बोर्ड, म्हणजे खोली आणि तिन्ही वेळचं खाणं, घ्यावा, पण त्यात पिण्याचं पाणी धरलंय का हे लेखी विचारावं. काही ठिकाणी बाटलीगणिक डॉलर मोजावे लागतात. एक गोष्ट मात्र मान्य करते, पॅकेजमुळं ह्यांनी मेनूकार्डाची उजवी बाजू बघणं सोडलं होतं, आणि हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

लातूर-मुंबई रात्रीच्या गाडीनं गेलो, पुढं विमान तीन तासांच्या आत. बेट लांबचं असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान लागतं, ते फक्त उजेडात उडतं. मालेला दुपारी चारच्या पुढं उतरलात तर रात्र तिथंच काढावी लागेल, त्या हॉटेलचे पैसे पॅकेजमध्ये नसतात. सीप्लेनमध्ये सामानही साधारण २० किलोच, वर हातातलं ५. आई-वडिलांना पाठवणार असाल तर स्पीडबोटीनं जाता येईल असं जवळचं बेट बघा, आणि पाण्यावरच्या व्हिलाऐवजी किनाऱ्यावरची खोली घ्या. ती समुद्रात उतरणारी शिडी गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाही, आणि मोठा दवाखाना बहुतेक बेटांपासून लांब असतो.