चिंतेच्या गोळ्या: झटपट गुण की टिकाऊ गुण?

औषधांच्या काउंटरवर हा प्रसंग वारंवार येतो. चिठ्ठीवर चिंतेच्या दोन गोळ्यांची नावं असतात, एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. पेशंट म्हणतो, "ती क्लोनाझेपाम तेवढी द्या, एस्सिटालोप्रॅमनं काहीच फरक पडत नाही."

विचारलं तर कळतं, चौथाच दिवस आहे. एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिनचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. उलट सुरुवातीला मळमळ, झोपमोड, कधी घालमेल वाढल्यासारखीही वाटते. म्हणून बरेच डॉक्टर एस्सिटालोप्रॅम 5 मिग्रॅपासून सुरू करून 10 वर नेतात. वय 25 च्या आत असेल तर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी मूडकडे लक्ष ठेवायला हवं. लैंगिक इच्छा मंदावल्याची तक्रार काउंटरवर कुणी करत नाही, गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम तासाभरात शांत करतात, आणि खरी गोम तिथेच आहे. काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, एकदम बंद केली तर चिंता दुपटीनं उसळते, क्वचित फिटही येते. दारूसोबत तर नकोच. वयस्कर माणूस रात्री उठताना पडतो तो यामुळेही. अल्प्राझोलाम शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. आम्ही फार्मासिस्ट डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि पेशंटचं नाव वहीत लिहितो, ती वही तीन वर्षं जपतो. एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळीचा गुण येईपर्यंतचा पूल म्हणून ही झटपट गोळी ठीक, रोजचा रस्ता म्हणून नाही.

मधुमेहानं पायांची आग होत असेल, कंबर दुखत असेल, तर ड्युलॉक्सेटिन चिंता आणि दुखणं, दोन्हींवर काम करतं. मात्र लिव्हरचा त्रास असेल तर ते टाळतात. व्हेन्लाफॅक्सिननं बीपी वाढू शकतं, आणि गावी जाताना स्ट्रिप घरी विसरली तर दुसऱ्याच दिवशी डोकं गरगरतं.

प्रीगाबालिन आठवडाभरात काम करतं, पण झोप येते, वजन वाढतं, पाय सुजतात. सवयही लागू शकते. बुस्पिरोनची सवय लागत नाही, पण दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. विसराळू माणसानं विचार करावा.

प्रोप्रानोलॉल भाषणाआधीची धडधड, हातांचा कंप थांबवतं. दिवसभर डोक्यात फिरणाऱ्या काळजीवर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि दम्याचा पंप वापरत असाल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.