टीफलिंग, मशाल आणि साठ फुटांचा अंधार : काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्या पीडीएफमुळे हे लिहायला बसले तिचा हिशेब आधी करते. ‘तलवार आणि चेटकाच्या खेळांसाठी राक्षसरक्ताचे वंश’ अशी जाहिरात होती, म्हणून एका ऑनलाइन दुकानातून विकत घेतली. आत निघाले ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले टीफलिंगचे नियम, शब्दश: तेच. हे नियम एसआरडी ५.१ या प्रकाशकाच्याच मूळ नियमसंचात आहेत आणि जानेवारी २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन कुणीही घ्यावेत, बदलावेत, छापावेत. त्यांच्यावर रक्ताळलेली चित्रं आणि पानभर दंतकथा चढवून पैसे घेतले. परतावा मागितला तर ‘डिजिटल माल परत होत नाही’ एवढंच उत्तर, तेही दोनदा आठवण केल्यावर. त्यानंतर घरचे नियम स्वत: बांधले आणि गेले काही महिने त्यांवरच खेळतोय.

टीफलिंग म्हणजे अंगात राक्षसी रक्त असलेली माणसासारखी जमात, एवढं पुरे. आमचं कॅम्पेन (अनेक बैठकांत पुढे जाणारी कथा, जी मी गेममास्टर म्हणून चालवते) खाऱ्या वाळवंटातल्या शहरांचं आहे. सगळी माणसंच, एल्फ-ड्वार्फ कुणी नाहीत, आणि जादूगार दिसला की लोक दारं लावून घेतात. अशा जगात एकच राक्षसरक्ताची बाई, एका मैत्रिणीचं पात्र.

काही गोष्टी जशाच्या तशा बसल्या. थॉमटर्जी हा कँट्रिप (हवा तितक्या वेळा वापरता येणारा छोटा मंत्र) तर तलवार-चेटकाच्या कथांसाठीच लिहिल्यासारखा आहे. आवाज तिप्पट घुमतो, दिव्यांच्या ज्योती फडफडतात, डोळ्यांचं रूप बदलतं, आणि इजा कुणालाच होत नाही. बाजारात तिने एकदा तो वापरला आणि पुढचा सगळा सेशन त्या अफवेवर चालला. रूपाच्या बाबतीत मी १९९४ च्या प्लेनस्केप या याच खेळाच्या एका जगाकडे गेले. तिथे टीफलिंग पहिल्यांदा आले तेव्हा प्रत्येकाची खूण वेगळी असायची. कुणाला लहानशी शिंगं, कुणाला नुसताच विचित्र वास. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकसारखी मोठी शिंगं आणि जाड शेपूट दिली, शिवाय त्यामागे एका साम्राज्याने सैतानांशी केलेल्या कराराचा इतिहास. इतिहास चांगला आहे, पण ते रूप घेतलं तर ओळख लपवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि लपवाछपवी हा या कथांचा अर्धा जीव आहे. आमच्या बाईच्या डोळ्यांत फक्त उभ्या बाहुल्या आहेत, मांजरीसारख्या.

आता डार्कव्हिजन, म्हणजे टीफलिंगची अंधारात बघण्याची शक्ती. मला सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय.

साठ फूट. अंधारात अंधुक उजेडाइतकं दिसतं, रंग कळत नाहीत, फक्त करड्या छटा. नेहमीच्या पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत) एल्फ, ड्वार्फ, नोम, हाफ-ऑर्क अशा निम्म्याअधिक लोकांना ते असतंच, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. सगळी माणसं असलेल्या पार्टीत एकटीला ते असलं की खेळ दुभंगतो. मशाल एक तास जळते, वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक उजेड देते, किंमत एक तांब्याचं नाणं. या नाण्याभोवती किती नाट्य असतं! मशाल कोण धरणार, म्हणजे कुणाचा एक हात अडकणार, किती उरल्यात, विझवली तर पहारेकऱ्याला दिसणार नाही पण आपल्यालाही नाही. आमच्याकडे हे सगळं संपलं. ती पुढे जाऊन बघून यायची, मी तिला सांगायचे आणि बाकीचे तिघे मागच्या वळणावर मोबाइल काढून बसायचे.

पहिला उपाय म्हणून पुस्तकातला नियमच काटेकोर लावला. अंधुक उजेडात नजरेवरच्या पर्सेप्शनला (आसपासचं टिपण्याच्या कौशल्याला) डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, आणि फासा न टाकता धरल्या जाणाऱ्या पॅसिव्ह आकड्याला उणे पाच. बरीच टेबलं हे विसरतात, जरूर लावा. फरक पडला, पण थोडाच. मग मी डार्कव्हिजन काढूनच टाकलं. महिनाभर मला वाटत होतं की प्रश्न सुटला. बोगदे पुन्हा भीतिदायक झाले, तेल-मशालींची मोजदाद परत आली. पण ते कॅरेक्टर खेळणारी मैत्रीण म्हणाली, “आता मी माणूसच आहे, फक्त डोळे वेगळे.” तिचं म्हणणं खरं होतं.

मला तेव्हा द्रोणपर्व आठवलं. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही युद्ध थांबत नाही, पायदळाच्या हाती दिवे दिले जातात आणि त्या दिव्यांच्या उजेडात लढाई चालते. रात्री राक्षसांचं बळ वाढतं म्हणून भीम-हिडिंबेचा घटोत्कच कौरवांना आवरेना, आणि अर्जुनासाठी राखलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती कर्णाला त्याच्यावर टाकावी लागली. दिवेही आहेत आणि रात्रीचा राक्षसही आहे. दोन्ही एकत्र असल्यानेच ती रात्र थरारक होते. म्हणजे मला रात्रीची नजर हवीच होती, फक्त ती फुकट नको होती. तलवार-चेटकाच्या साहित्यप्रकारात वरदान फुकट मिळत नाही. मायकल मूरकॉकच्या कथांमधला एल्रिकसुद्धा, ज्याच्या पूर्वजांचे अराजकाच्या देवांशी पिढ्यान्‌पिढ्या करार होते, औषधी वनस्पतींवर नाहीतर आत्मे पिणाऱ्या तलवारीवर जगतो.

सध्याचा नियम असा. डोळे ‘उघडायला’ एक हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायला राखलेला फासा) जाळायचा. नजर तासभर टिकते, म्हणजे एका मशालीएवढी. तेवढा वेळ डोळे चमकतात आणि अंधारात समोरच्याला साठ फुटांवरून दिसतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उन्हाचा त्रास होतो, त्यासाठी कोबोल्ड आणि ड्राव या अंधारात राहणाऱ्या जमातींचा सनलाइट सेन्सिटिव्हिटीचा (उन्हात हल्ला आणि नजर कमजोर होण्याचा) तयार नियम उचललाय. लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) निम्मेच हिट डाइस परत येतात, त्यामुळे हा खर्च दुसऱ्या दिवशीही जाणवतो. नवीन काही शिकावं लागत नाही, कॅरेक्टर शीटवर एक ओळ पुरते.

याचा परिणाम मला वाटला होता त्याहून चांगला निघाला. आता ती मशाल मागते. एका टाक्यात पार्टी गळ्यापर्यंत पाण्यात असताना मशाली भिजल्या, तेव्हा शेवटचा हिट डाइस घालवून तिने सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर जखमा बांधताना तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. टेबलावर वाद झाला की तिच्या वाट्याला जास्त सोनं यावं का. असा वाद आमच्याकडे आधी कधीच झाला नव्हता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आगीचा रेझिस्टन्स (आगीने निम्मीच इजा) तसाच ठेवलाय, त्रास नाही. तिसऱ्या लेव्हलला मिळणारं हेलिश रिब्यूक (इजा करणाऱ्यावर उलट आग सोडणारा मंत्र), दहा बाजूंच्या तीन फाशांएवढी आग, माझ्या जगाला फार भडक आहे. ते वापरल्यावर बघणाऱ्यांना तिची ओळख पटते, एवढी किंमत लावून चालवतेय. पाचव्या लेव्हलला डार्कनेस हा अंधार पसरवणारा मंत्र मिळतो आणि त्या जादूच्या अंधारात खुद्द तिच्या डार्कव्हिजनलाही दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन मारामारीत भांडण होतं. वॉरलॉक या जादूगार-वर्गाच्या डेव्हिल्स साइटने (जादूच्या अंधारातही चालणाऱ्या नजरेने) ती अडचण सुटते, पण माझ्या टेबलावर तो मार्ग बंद आहे. साठ फुटांशी एवढं झगडल्यावर त्या नजरेचे एकशेवीस फूट फुकट देणार नाही.

२०२४ चं नवीन नियमपुस्तक घ्यावं का असं आमच्यातल्या दोघांनी विचारलं. त्यात ॲबिसल, थॉनिक आणि इन्फर्नल असे तीन वारसे आहेत. विष, नेक्रॉटिक (मृत्यूची जादू) किंवा आग यांपैकी एकाला रेझिस्टन्स मिळतो, आणि ही विभागणी मला आवडली. मुडद्यांच्या शहरातल्या कथेसाठी थॉनिक छान बसेल. पण डार्कव्हिजन तिथेही साठ फूट आणि फुकटच आहे, म्हणजे माझा नियम त्यावरही लावावाच लागणार. एवढ्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे पैसे मी घालणार नाही. ते पैसे यावेळी फाशांच्या नवीन सेटला आणि झेरॉक्सला जातील.