हजार रुपयांची वाईन: नाशिकची की परदेशी, व्हाईट की रेड?

हजार रुपयांच्या आसपास एकच बाटली घ्यायची असेल, तर नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन घ्या. त्याच किमतीची परदेशी रेड शेल्फवर कितीही भारदस्त दिसली तरी.

परदेशी बाटलीचं गणित आधी पाहू. बाहेरून येणाऱ्या वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क राहिलं. बंदरात ३०० रुपयांना पडलेली बाटली शुल्क धरून ७५० ची होते. वाहतूक, वितरक, दुकानदार आणि राज्याचे कर त्यानंतर चढतात. म्हणजे हजार मोजूनही आत वाईन असते ती तीनशेच्याही खालची. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या करारात शुल्क कमी झालं खरं, पण पाच डॉलरखालच्या आयात किमतीच्या बाटलीला ती सवलत नाही. आपल्या बजेटला त्याचा उपयोग शून्य. उलट २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून महाराष्ट्रातल्या वाइनरींना राज्यात उत्पादनशुल्काची मोठी सवलत मिळत आली, त्यामुळे इथल्या बाटलीत पैशाचा जास्त वाटा द्राक्षाला जातो.

आता व्हाईट की रेड? नाशिकच्या उन्हात द्राक्षात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. व्हाईटसाठी तोडणी वेळेत केली की आंबटपणा टिकतो, स्टीलच्या टाकीतून काही महिन्यांत वाईन बाटलीत जाते आणि खर्चही आवाक्यात राहतो. रेडला साल-बिया नीट पिकायला हव्यात, शिवाय मुरायला वेळ. स्वस्त रेडमध्ये नेमकी इथेच काटकसर होते. मग ती तुरट तरी लागते, नाहीतर जॅमसारखी. रेडच हवी असेल तर तीन-चारशे रुपये वाढवून नाशिकची शिराझ किंवा अकलूजकडची सँजोव्हेझे पाहा.

जेवणाचाही विचार करा. रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. बांगड्यासोबत तर तोंडात लोखंडी चव येते. किंचित गोडसर शेनिन कोळंबी, बटाटेवडा, थालीपीठ सगळ्यांशी जमवून घेते. गवती, लिंबासारखी, गोडवा नसलेली चव आवडत असेल तर सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाईट.

खरा घोटाळा बहुधा दुकानात होतो. काचेत उन्हात उभी बाटली कधीच घेऊ नका. उष्णतेने वाईन फुगते, बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो. व्हाईट तपकिरीकडे झुकली असेल तर ती गेली. स्क्रू कॅपला कमी समजू नका. या किमतीत खराब बुचापेक्षा ती भरवशाची. लेबलवर साल असेल तर व्हाईटचं सर्वांत ताजं घ्या. इथली तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे साल त्याच तोडणीचं.

व्हाईट फ्रिजमध्ये तीन तास ठेवून प्या. रेडही आपल्या खोलीच्या तीस अंशांवर नको, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम रेडचं अल्कोहोल नाकात झोंबतं. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. उरलेली बंद करून फ्रिजमध्ये: व्हाईट तीन दिवस, रेड दोन. एकटेच पिणार असाल तर ३७५ मिलीची बाटली परवडते.

गोव्याची स्वस्त पोर्ट वाईन वेगळीच: गोड आणि दणकट. फळं-केकबरोबर छोटा ग्लास छान लागतो, पण जेवणासोबत ती घेऊ नका.